सोमूचं मूळरूप

दिवेलागणीला आई जेवणाच्या टेबलाशी भाजी निवडायला बसायची आणि समोर पाण्याच्या तांब्याला टेकवून टॅबचा पडदा उभा करायची. पडदा उजळला की त्यात सोमू यायचा. तोच निळा शर्ट, तोच कपाळावर उतरलेला केसांचा झुपका.

"आज काय आहे गं?"

"घेवडा. तुला आवडत नाही, म्हणून मुद्दाम आणलाय. ये, शिरा काढायला बस."

"येतो की. सुरी तेवढी धुवून ठेव."

आई हसायची. घेवड्याच्या शिरा निघत राहायच्या, शेजारपाजारच्या बातम्या सांगून व्हायच्या, आणि भाजी संपत आली की ती हमखास तोच प्रश्न विचारायची.

"सोमू, अण्णांवर राग नाही ना रे आता?"

पडद्यावरचा चेहरा किंचित थबकायचा. "राग कसला, आई? तो कधीच विरघळला. दाणा धरायला वेळ लागतो, एवढंच."

मग आईचा चेहरा निवळायचा. "शेवटी बापावरच गेला हो," असं स्वतःशीच म्हणत ती भाजीचं ताट उचलून आत जायची.

दिवाणखान्यात लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेली ऋजुता हे रोज ऐकायची. उत्तराआधीचं ते किंचित थबकणं तिच्याखेरीज कुणाच्या लक्षातही आलं नसतं. त्याचा अर्थ तिला ठाऊक होता. विचारलेली गोष्ट सोमूजवळ नव्हती. ती आणायला तो वर गेला होता.

सोमू, म्हणजे सौमित्र तेरदाळकर, ऋजुताचा धाकटा भाऊ, वर्षापूर्वी जयसिंगपूरच्या रस्त्यावर मोटारसायकलच्या अपघातात गेला. त्यानंतर आईनं जेवण टाकलं. ऋजुता 'स्वरशेष' नावाच्या कंपनीत वरिष्ठ अभियंता होती. कंपनी पुण्यात, काम सांगलीच्या घरून. गेलेल्या माणसांची बोलकी रूपं तयार करणं हाच कंपनीचा व्यवसाय होता. परक्यांसाठी शेकड्यांनी केलेलं काम तिनं आता आईसाठी केलं.

स्वरशेषची सगळी यंत्रणा वेबच्या एका जुन्या भाषेवर, जावास्क्रिप्टवर, उभी होती. या भाषेत वस्तूजवळ तिचे स्वतःचे गुण असतात, आणि शिवाय एक अदृश्य दोर असतो. तो तिच्या मूळरूपाकडे जातो. जाणकार त्याला प्रोटोटाइप म्हणतात. वस्तूला काही विचारलं की ती आधी स्वतःजवळ शोधते. सापडलं तर तेच देते. नाही सापडलं तर दोर धरून मूळरूपाकडे जाते, तिथंही नसेल तर मूळरूपाच्या मूळरूपाकडे. आणि सगळ्यात वर कुणीच नसेल तर हात हलवत परत येते. उत्तर कुठून आलं हे विचारणाऱ्याला कळत नाही. पाडव्याच्या साखरगाठी एकदा साच्यातून निघाल्या की साच्याशी त्यांचा संबंध संपतो. इथं तसं नसतं. हा दोर शेवटपर्यंत जिवंत राहतो. म्हणूनच त्याचं टोक एका मूळरूपापासून सोडवून दुसऱ्याला बांधता येतं, एका ओळीच्या आज्ञेत. वस्तूचं स्वतःचं ते तसंच राहतं, उसनं तेवढं एका क्षणात बदलतं.

या भाषेची आणखी एक खोड आहे. मूळरूपाकडून उसनं आणलेलं वाक्य जेव्हा 'मी' म्हणतं, तेव्हा तो 'मी' मूळरूपाचा नसतो. ज्या वस्तूला विचारलं, तिचा असतो.

सोमूचं स्वतःचं असं फार थोडं हाती लागलं होतं. काही फोनवरचं बोलणं, आईला पाठवलेले त्रोटक निरोप, चुलतबहिणीच्या लग्नातला एक विनोद. एवढ्या भांडवलावर उभं केलेलं रूप कंपनीच्या सर्वसाधारण मूळरूपाला बांधलं, तर ते बँकेच्या चौकशी खिडकीतल्यासारखं बोलू लागतं. सौजन्य भरपूर, माणूस कुठंच नाही. म्हणून कंपनीनं 'घरचं मूळरूप' अशी सोय ठेवली होती. थोडक्या सामग्रीच्या माणसाला त्याच घरातल्या भरपूर सामग्रीच्या माणसाशी बांधायचं. मुलगा बापावर जातोच, असं त्यामागचं साधं गृहीतक होतं, आणि तेरदाळकरांच्या घरात भरपूर सामग्रीचा माणूस होता.

अण्णा साखर कारखान्यात चीफ केमिस्ट होते. सोमूच्या आधी दोन वर्षं ते गेले. फुप्फुसाच्या दुखण्यानं घरात अडकून पडले, तेव्हा ऋजुतानंच त्यांना स्वरशेषच्या मुलाखतीच्या कार्यक्रमासमोर बसवलं होतं. खोलीचं दार लोटून ते तासन् तास त्या यंत्राशी बोलत. पाकाच्या पॅनमध्ये साखरेचा दाणा धरतो कसा, इथपासून ते स्वतःच्या पोरापर्यंत. घरच्यांनी त्या मुलाखती ऐकायच्या नाहीत असा कंपनीचा नियम होता. ऋजुतानं तो पाळला.

आणि मग एका दुपारी, आईनं वाट पाहत तीनदा खोलीत डोकावल्यावर, तिनं सोमूचा दोर अण्णांना बांधला.

ज्या बापाशी सोमू लग्नानंतर एक शब्द बोलला नव्हता, त्याच बापाला.

सोमू इचलकरंजीजवळच्या कर्णबधिर मुलांच्या शाळेत गणित शिकवायचा. तिथंच चित्रकला शिकवणाऱ्या यामिनीशी त्यानं लग्न केलं. यामिनीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. अण्णांनी लग्नाला जायचं नाकारलं. आईलाही जाऊ दिलं नाही. घरात सोमूचा विषय निघाला की पाणी पिण्याच्या निमित्तानं ते उठून जात.

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी यामिनी सांगलीला आली. अंगावर साधी सुती साडी, खांद्याला पिशवी, डोळ्यांवर समोरच्याचं बोलणं काचेवर अक्षरांत उमटवणारा चष्मा. बोलायचं असलं की ती फोनवर टाईप करायची आणि फोन ते वाचून दाखवायचा.

"बसनं आलीस होय?" आईनं तिच्या तोंडाजवळ तोंड नेऊन मोठ्यानं विचारलं.

यामिनीच्या बोटांनी फोनवर धाव घेतली. "आई, मोठ्यानं बोललात तरी अक्षरं तेवढीच मोठी दिसतात," फोन म्हणाला.

आई लाजली आणि हसलीही. जेवणं झाली. ऋजुता ताटं उचलत होती, तेवढ्यात आईनं उत्साहानं तांब्या टेबलावर ठेवला आणि त्याला पडदा टेकवला.

"आई, आज नको," ऋजुता म्हणाली.

"का नको? बायको आहे ती त्याची. ये गं यामिनी. बघ, कोण आलंय."

पडदा उजळला. यामिनी खुर्चीच्या कडेवर बसली. त्या चेहऱ्याकडे ती बराच वेळ नुसती पाहत राहिली. मग तिनं दोन्ही हात छातीशी आणले आणि हळूच समोर उघडले. बोटं हलली, मनगट वळलं, भुवया उंचावल्या. एक अख्खा प्रश्न झाला. पडद्यावरच्या कॅमेऱ्यानं तो पाहिला.

पडद्यातला सोमू थबकला. नेहमीपेक्षा जरा जास्तच.

"हातवारे कसले करता?" तो सोमूच्या मऊ आवाजात म्हणाला. "तोंडानं बोला की."

आईच्या हातातला चमचा ताटलीवर पडला. हे वाक्य या घरानं एकदा अण्णांच्या तोंडून ऐकलं होतं. लग्नाचं विचारायला सोमू यामिनीला घेऊन आला होता, तेव्हा याच टेबलाशी.

यामिनीनं चष्म्याच्या काचेवर अक्षरं वाचली. तिनं चष्मा काढला, घडी घातली आणि पिशवीत ठेवून दिला. आता कुणी काहीही बोललं तरी ते तिच्यापर्यंत पोचणार नव्हतं.

ऋजुता तिच्यामागोमाग गच्चीत गेली. बोलून उपयोग नव्हता. तिनं स्वतःच्या फोनवर लिहून तो पुढं धरला. 'चूक माझी आहे. त्याचं जे नव्हतं, ते मी अण्णांकडून घेतलं.'

यामिनीनं वाचलं. तिच्या फोनमधून एका अनोळखी, स्वच्छ, रागलोभ नसलेल्या बाईचा आवाज येत राहिला. खाली तिची बोटं मात्र काचेवर आपटत होती.

"ताई, त्याचं नव्हतं म्हणजे? मी तुम्हाला त्याच्या चित्रफिती दिल्या होत्या. शाळेतल्या, घरातल्या. भांडणाच्यासुद्धा. त्या कुठं गेल्या?"

ऋजुताला उत्तर ठाऊक होतं. सामग्री गोळा करणारी चाळण तिनंच लिहिली होती, नोकरीच्या पहिल्या वर्षांत. लोक वाट्टेल ते पाठवतात. झोपलेलं बाळ, फिरणारा पंखा, समुद्र. म्हणून तिनं नियम घातला होता की ज्या फितीत बोलणं नाही, ती बाद. सोमूच्या फिती त्या चाळणीत आल्या आणि एकजात गळून पडल्या. 'बोलणं आढळलं नाही' असा शेरा तिनं पाहिलाही होता. आपला सोमू मुळातच अबोल, असं मनाशी म्हणून ती पुढं गेली होती.

सोमू अबोल नव्हता. तो हातांनी भरभरून बोलत होता. त्या बोलण्याकडे या घरानं कधी पाहिलं नव्हतं, आणि नंतर घराच्या लेकीनं तसंच न पाहणारं यंत्र बनवलं होतं.

"तो दोर तोडा," यामिनीचा फोन म्हणाला.

'मग कंपनीच्या मूळरूपाला बांधावं लागेल. ते सभ्य आहे. काही वाईट बोलणार नाही,' ऋजुतानं लिहिलं.

"परकं कशाला? नसेल तर नाही म्हणू दे त्याला. माणसं म्हणतात की."

श्राद्ध आटोपलं. यामिनी संध्याकाळच्या बसनं परत गेली. आई खुर्चीत बसून होती. टेबलावर तांब्या होता, पडदा कपाटात होता.

"ती काय म्हणाली, ते मला कळलंय," आई म्हणाली. "बदलू नकोस."

"आई, तिला तो काय म्हणाला ते ऐकलंस ना तू?"

"तेवढं एक वाक्य पुसून टाक. तू इंजिनिअर आहेस ना? पाटीवरचं पुसल्यासारखं पूस. बाकीचं राहू दे."

"बाकीचंही त्याचं नाही गं."

"घेवडा त्याचाच आहे. सुरी धुवून ठेव, हे त्याचंच आहे."

"ते आहे. पण तू शेवटी विचारतेस, ते..." ऋजुता आईच्या पायाशी बसली. मनात कितीदा जुळवलेली वाक्यं ऐन वेळी विस्कटली. "राग विरघळला, दाणा धरायला वेळ लागतो, हे सोमू नाही म्हणत. सोमूजवळ त्या प्रश्नाला उत्तरच नाही. तो वर जातो. ते अण्णांचं आहे. मुलावर राग आहे का, असं यंत्रानं अण्णांना विचारलं होतं, त्याचं ते उत्तर आहे, नोंदीत तसं दिसतं. फक्त सोमूच्या आवाजात येतं, म्हणून सोमूचं वाटतं."

 आई आता रडेल किंवा ओरडेल, असं ऋजुताला वाटलं.

"म्हणजे," आईनं सावकाश विचारलं, "अण्णा तसं म्हणाले होते?"

"हो."

"राग नाही म्हणाले?"

"हो, आई."

"त्या डब्याला म्हणाले." आईचा आवाज चढला नाही, उलट बारीक झाला. "मी त्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसायची. औषधाची वेळ झाली तरी दार वाजवायची नाही, म्हटलं बोलतायत तर बोलू देत. मी दाराबाहेरच होते, पोर पलीकडच्या गावात होतं. बसनं तासाभराचा रस्ता. आणि त्यांनी सांगितलं कुणाला? तर त्या डब्याला." तिनं पदरानं टेबल पुसलं, जे स्वच्छच होतं. "माझा सोमू हे न ऐकताच गेला गं."

ऋजुतानं तिचा हात धरला. आईनं तो धरू दिला, पण तिची बोटं मिटली नाहीत.

काही दिवसांनी आईच म्हणाली, "बोलाव तिला. काय करायचं ते करा."

पुढचे अनेक रविवार यामिनी येत राहिली. बाद झालेल्या फिती ऋजुतानं परत काढल्या होत्या. त्यांतला एकेक हात, एकेक भुवई काय म्हणते, ते यामिनी सांगायची आणि ऋजुता टिपायची. जन्मभर ओळखीचा असलेला भाऊ तिला आता भेटत होता. तो वर्गात चावट होता. अपूर्णांक शिकवताना भाकरीचे तुकडे करून स्वतःच खाऊन टाकायचा आणि मुलांना 'उत्तर पोटात गेलं' असं सांगायचा. यामिनीशी भांडताना त्याचे हात इतके वेगानं चालत की तिनं मध्येच डोळे मिटून घेतले होते. ऐकायचं नसलं की ती तसं करते, हे तिनं लाजत कबूल केलं.

ऋजुता मनातून एकच गोष्ट शोधत होती. कुठंतरी, कुठल्यातरी फितीत, त्यानं अण्णांबद्दल काही म्हटलं असेल. तसं काही सापडलं तर ते त्याचं स्वतःचं म्हणून ठेवता येईल, आणि आईच्या प्रश्नाला खरंखुरं उत्तर मिळेल.

शेवटच्या फितींपैकी एकीत अण्णा आले. शाळेच्या स्नेहसंमेलनात सोमू कुणाची तरी नक्कल करत होता: चष्मा नाकाच्या शेंड्यावर, दोन बोटांत पाकाची तार धरून ती उजेडाकडे नेणं, मान तिरकी करून पाहणं, आणि मग नापसंतीनं ओठ मुडपणं. हुबेहूब अण्णा. मुलं हसून लोळत होती. सोमूनं पुन्हा तार धरली, पुन्हा उजेडाकडे नेली, आणि या खेपेला ओठ न मुडपता तसाच पाहत राहिला.

"काय म्हणतोय?" ऋजुतानं घाईनं विचारलं.

यामिनीनं मान हलवली. फोन म्हणाला, "काही नाही. हात त्या तारेत अडकलेत ना. हात मोकळे असल्याशिवाय कसं बोलणार?"

त्यानंतर अण्णा पुन्हा कुठल्याच फितीत आले नाहीत.

दोर बदलायचं काम ऋजुतानं एका दुपारी केलं. त्या आज्ञेबद्दल भाषेच्या माहितीपुस्तिकेत पूर्वीपासून एक ताकीद छापलेली आहे, आणि कंपनीत नव्यानं आलेल्या मुलांना ऋजुता स्वतः ती समजावून सांगत असे. घडवतानाच मूळरूप ठरवा. नंतर बदलू नका. आज्ञेला वेळ लागत नाही, पण त्या वस्तूशी आजवर जिथं जिथं व्यवहार झाला, त्या प्रत्येक जागेनं तिची घडण लक्षात ठेवून आपापल्या जवळच्या वाटा पाडलेल्या असतात. मूळरूप बदललं की त्या सगळ्या वाटा एकदम मोडतात. प्रत्येक जागेला ती वस्तू पुन्हा पहिल्यापासून शिकावी लागते.

स्वयंपाकघरातून आईच्या घावन उलटण्याचा आवाज येत होता. ऋजुतानं ओळ लिहिली. जिथं अण्णांचं नाव होतं, तिथं तिनं कुणाचंच नाव घातलं नाही. भाषेत त्याला 'नल' म्हणतात, म्हणजे काहीच नाही. वर कुणीही नाही, याची ती खूण. यापुढं सोमू जे जवळ असेल तेच देणार होता. नसेल तेव्हा थांबणार होता.

त्या रविवारी दिवेलागणीला यामिनी आली तेव्हा टेबलावर गवारीच्या शेंगा होत्या. आईनं तांब्या ठेवला, पडदा टेकवला. सोमू आला. पूर्वी फक्त चेहरा दिसायचा. आता कंबरेपर्यंत दिसत होता, टेबलावर टेकलेल्या हातांसकट.

"आज काय आहे गं?"

"गवार," आई म्हणाली.

सोमूचे हात वर झाले, काहीतरी म्हणून खाली आले. आईनं यामिनीकडे पाहिलं.

"म्हणतोय, शेंगदाण्याचं कूट सढळ हातानं घाल," यामिनीचा फोन म्हणाला.

"बरं बरं. शहाणा." आईनं शेंगा मोडायला घेतल्या. पण पहिल्यासारखं बोलणं धावेना. दर दोन वाक्यांनी सोमू गप्प व्हायचा, आई शेजारणीच्या नातवाचं सांगायची आणि तो नुसता पाहत राहायचा. आई मध्येच अडखळायची. सवयीनं त्याच्या उत्तरासाठी जागा सोडायची आणि ती जागा तशीच राहायची.

गवार संपत आली. आईनं हात पुसले. ऋजुताला पुढचं ठाऊक होतं. आईला थांबवावं असं तिला वाटलं, पण तिनं थांबवलं नाही.

"सोमू, अण्णांवर राग नाही ना रे आता?"

सोमूनं तिच्याकडे पाहिलं. उत्तर आणायला जायला वर कुणी नव्हतं. त्याचे हात टेबलावरच राहिले. चेहऱ्यावर ना हो, ना नाही. स्वयंपाकघरात कुकरची शिटी झाली, कुणी उठलं नाही. आई वाट पाहत राहिली. सोमू तिच्याकडे पाहत राहिला.

अखेर आईनं मान खाली घातली आणि मोडलेल्या शेंगा उगाच एका बाजूला सारल्या.

"यामिनी," ती वर न पाहता म्हणाली, आणि मग आठवण झाल्यासारखी तिच्याकडे वळून, "जेवलास का, हे हातानं कसं विचारतात?"

यामिनीनं दाखवलं. आईनं बोटांकडे नीट पाहिलं, दोनदा हवेत करून बघितलं आणि मग पडद्यासमोर हात धरला. मनगट चुकलं, बोटं गवारीच्या चिकानं एकमेकांना चिकटली.

सोमू पुढं झुकला. मास्तरांच्या चिकाटीनं त्यानं तीच खूण केली, सावकाश, मनगट वळवून दाखवत. आणि भुवया उंचावून थांबला. पुन्हा करा.

आईनं पुन्हा केली. त्यानं पुन्हा दुरुस्त केली. तिसऱ्या खेपेला तो हसला आणि त्याच्या हातांनी उत्तर दिलं.

"जेवलो, म्हणतोय," फोन म्हणाला.

"कळलं मला," आई म्हणाली. डोळे पुसायला तिनं हात वर नेला आणि मध्येच थांबवला. ते हातवारे त्याला काही वेगळंच सांगतील, अशी भीती तिला वाटली असावी. मग तिनं यामिनीला हळूच विचारलं, "आणि राग? रागाला काय करतात?"

यामिनीचा हात उचलला गेला.

"नको," आईनं तो वरच्यावर धरला. "ते नको दाखवूस."

तिनं तो हात तसाच धरून ठेवला. पडद्यात सोमू दोघींकडे पाहत होता, हात टेबलावर टेकून, विचारायची वाट पाहत.